मौजा खापरडोह, बेचिराग

जिल्हा नागपूर, तहसील रामटेक.
क्षेत्र दोनशे अकरा हेक्टर. विहीर एक, कोरडी.
शाळा नाही, पोस्ट नाही,
बसथांबा सात किलोमीटरवर.
लोकसंख्या शून्य.

सरकारी दप्तरात अशा गावाला बेचिराग म्हणतात.
जिथे दिवा लागत नाही ते.
हा शब्द ज्या कारकुनाने पहिल्यांदा लिहिला
त्याला कविता करायची नव्हती.
सारा कोणाकडून वसूल करायचा
एवढीच त्याची पंचाईत होती.

नंदनवनातल्या दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली,
मी जनगणनेची जुनी पुस्तकं चाळतो.
मुलगा म्हणतो, रद्दीत द्या आता.
देतो, म्हणतो मी, आणि पान उलटतो.

१९११ : दोनशे चौदा.
१९२१ : एकशे तीन.
मधे मानमोडी येऊन गेली.
तिच्यासाठी रकाना नाही, नुसती वजाबाकी.
दहा वर्षांत पुन्हा एकशे नव्वद,
माणसं हट्टीच, दुसरं काय.
मग मँगनीजची खाण निघाली.
सुरुंगांनी टेकडी फुटली,
आणि टेकडीसोबत विहिरीचा तळही
आत कुठेतरी फुटला असावा.
पाणी खाली गेलं, माणसं नागपूरला.
टिमकीत, पाचपावलीत, एका खोलीत सात जण,
गिरणीच्या भोंग्यावर उठणारे.
एकशे अकरा. सत्तेचाळीस. नऊ.

१९८१ला मोजायला मी गेलो.
कॅरिअरला फॉर्मची पिशवी, टायर दोनदा पंक्चर.
एका घरातून धूर निघत होता.

नाव? फुलवंता कुमरे.
वय? "लिहा तुमच्या मनानं, गुर्जी."
साठ लिहिलं. तिने पाहिलं, म्हणाली,
"थोडं अजून टाका."
मातृभाषा? गोंडी.
"पन बोलू कोनाशी? ह्या शेळीले मराठीच समजते."
घरात माणसं किती?
तिने बोटं मोडायला सुरुवात केली.
नवरा पैकू, तो गेल्याला बारा वर्षं.
पोरगी सगुना, ती वाठोड्याला, जावयाकडे.
सासू. दीर. खाणीत दबलेला दिराचा पोरगा.
दोन्ही हातांची बोटं संपली.
म्हटलं, बाई, जे इथे राहतात तेवढेच सांगा.
"मंग हे कुठं राह्यतेत?" तिने विचारलं.

मी एक लिहिलं.
स्त्रिया एक, पुरुष शून्य, साक्षर शून्य.
निघताना तिने मूठभर मोहफुलं दिली,
रकाना नसलेली.

नियम असा होता :
एक मार्चचा सूर्योदय ही खरी वेळ.
त्याआधी मेला तो वगळायचा,
नंतर मेला तो धरायचा.
मी फेरतपासणीला तीन तारखेला गेलो.
धूर नव्हता. शेळी दावं तोडून कुंपणात अडकलेली.
खाणीवरचे दोघे माती देऊन परतत होते.
कधी गेली, विचारलं.
"परवा. पहाटे असंन."
उजाडलं होतं का?
ते एकमेकांकडे पाहत राहिले.
असलं कोणी विचारतं का?

चिठ्ठी हातात होती.
एक रेघ मारली की गाव संपणार होतं.
पेनचं टोपण काढलं,
शेळी सोडवली,
टोपण लावलं.

म्हणून १९८१च्या पुस्तकात खापरडोह : एक.
पुढची दहा वर्षं ते गाव
माझ्या न मारलेल्या रेघेवर उभं होतं.
हे मी कोणाला सांगितलं नाही,
हेडमास्तरांना तर नाहीच.

मागच्या महिन्यात वाठोड्यात रिक्षा थांबली
तिथे पाटी दिसली : खापरडोह किराणा.
गल्ल्यावरच्या पोराला विचारलं, हे कुठे आलं?
"माहीत नाही काका. आजी म्हनायची,
तेच नाव ठेवलं."
शंभर ग्रॅम जिरं घेतलं, गरज नव्हती तरी.
आजीचं नाव विचारायचं राहून गेलं.
की मुद्दामच नाही विचारलं.

अजूनही एक मार्चला मला लवकर जाग येते.
गॅलरीत उभा राहतो.
समोरच्या इमारतींमागे नेमका कधी उगवतो सूर्य
कळत नाही.